लाल चिठ्ठीच्या सिस्टर

इंदापूरच्या ओव्हाळ सिस्टरांना पुण्याच्या एका प्रकाशकाने फसवलं. त्याच्या हातात कागद नेऊन दिले ते मी. ही दोन्ही वाक्यं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना मी काही झाकतोय असं कुणाला वाटायला नको.

मी रद्दी-भंगाराचा धंदा करतो. बारामतीत हातगाडीवर सुरुवात केली, आज दोन गाळे आणि एक टेम्पो आहे. वजनात आणि भावात मला फसवून गेलेला माणूस तालुक्यात शोधावा लागेल. मी फसलो तो छापील पुस्तकात, आणि माझ्यापायी सिस्टर फसल्या. प्रकाशकाचं नाव इथे लिहीत नाही. वाचलं तर त्याचं त्याला कळेल.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. वडिलांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला आणि पोरीला शाळेत घातलं, तेव्हापासून त्यांचं शिकणं थांबलं नव्हतं. निवृत्तीनंतरही पांढरी साडीच नेसायच्या. पदराजवळ नर्सचं उलटं घड्याळ पिनने लावलेलं असायचं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि छातीकडे जास्त बघायच्या. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होई. मग कळायचं की त्या श्वास मोजतायत.

त्यांचे मालक साखर कारखान्यात बॉयलरवर होते आणि त्यांना जुना दमा होता. त्यांच्यासाठी सिस्टर श्वासाचे व्यायाम शोधायला लागल्या, आणि शोधता शोधता ची-कुंगपाशी पोचल्या. हा चिनी प्रकार. हालचाल अगदी सावकाश, श्वास त्याच्या बरोबरीने, लक्ष एका जागी. तिकडे दवाखान्यातसुद्धा रोग्यांकडून करून घेतात म्हणे. इंदापुरात तो शिकवणार कोण? पुस्तक नाहीतर व्हिडिओ, दोनच गुरू. ते कुठले धरायचे, हे ठरवायला सिस्टरांनी सहा-सात वर्षं घातली.

त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. पुण्यात परदेशी लोक येऊन राहतात आणि जाताना पुस्तकं फुंकून टाकतात. तसली पोतंभर इंग्रजी पुस्तकं मी तेव्हा किलोवर उचलायचो. सिस्टर त्या ढिगापाशी बसल्या आणि माझं भांडण संपेपर्यंत त्यांनी सात पुस्तकं वेगळी काढली. सातही शेवटाकडून उघडून बघितली. त्यातलं सगळ्यात देखणं होतं ते मी पुढे सरकवलं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, जाड पुठ्ठा.

त्यांनी ते चाळून परत दिलं. "ह्यात पाय न्हाईत."

मला वाटलं पानं नाहीत म्हणतायत.

"माणूस सगळीकडं कमरेपासनं वर. मी घरी एकटी शिकणार. उभं चुकीचं ऱ्हायले तर पाय धरून सरळ करायला हितं कोण हाय?"

दुसऱ्यात पाय होते. पण त्या पुस्तकाने सांधेदुखीपासून कावीळीपर्यंत सगळं बरं होतं असं लिहिलं होतं. तेही परत आलं. म्हणाल्या, सगळ्यांना चालणारं औषध एकच, पाणी, आणि पोटात पाणी झालेल्या रोग्याला तेसुद्धा मोजून द्यावं लागतं. हे कुणी करू नये, ते लिहिलेलं पान ज्या पुस्तकात नाही ते पुस्तक आपल्या कामाचं नाही. ते पान बहुतेक शेवटी असतं, म्हणून त्या शेवटाकडून उघडत होत्या.

सातातलं एक टिकलं. मुखपृष्ठ फाटलेलं, पाठीला दोरा सुटलेला, आत साध्या रेघांची चित्रं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं तसा मी भाव बदलला. गिऱ्हाइकाला काय पाहिजे हे कळलं की भाव बदलतो, हा माझा धंदा आहे. सिस्टर चिडल्या नाहीत. ढिगाकडे बोट करून म्हणाल्या, हे आत्ता किलोवर होतं ना, मग काट्यावर घाला. मी घातलं.

"उचला. काटा आधी शून्यावर आणा," त्या म्हणाल्या. "बाळांची वजनं केलीत मी तीस वर्षं."

काटा शून्याच्या थोडा पुढे होता. माल विकताना तो तसाच असायचा. बाजूला उभं असलेलं मघाचं भांडखोर गिऱ्हाईक खो खो हसलं आणि मी काटा शून्यावर आणला. त्यानंतर सिस्टर दुकानात येणार असल्या की मी तो आधीच शून्यावर आणून ठेवायचो. काही दिवसांनी तो बाकीच्यांसाठीही तिथेच राहू लागला. त्यात माझं नुकसान झालं हे खरं.

बाजारादिवशी त्या एस.टी.ने इंदापूरहून यायच्या. मी त्यांच्यासाठी श्वासाची, व्यायामाची, चिनी अक्षरांची पुस्तकं बाजूला काढून ठेवायचो. दहातली नऊ त्या परत द्यायच्या आणि प्रत्येकाचं कारण सांगायच्या. एकात लेखकाने स्वतःचेच फोटो छापले होते आणि शिकणाऱ्याचा एकही नव्हता. एकात श्वास कधी आत आणि कधी बाहेर हे चित्राखाली लिहिलंच नव्हतं. एकात दर दोन पानांनी लेखकाचं पुढचं पुस्तक घ्या असं होतं. ते मिटून म्हणाल्या, "ह्याला रोगी न्हाय, गिऱ्हाईक पायजे." हे माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मालकांचा दमा काही गेला नाही. पण धाप लागली की पंप शोधताना जी धांदल उडायची, घरभर भांडी पडायची, ती थांबली. ते शांत बसून पंप घ्यायचे. सिस्टर याला सुधारणा म्हणायच्या, बरं होणं म्हणायच्या नाहीत. या दोन शब्दांत त्यांनी कधी गल्लत केली नाही. मालक पुढे वारले ते हृदयाने. तेव्हाही त्या म्हणाल्या की व्यायामाने आयुष्य वाढलं असं मी कुणाला सांगणार नाही, त्यांची शेवटची तीन वर्षं भीतीशिवाय गेली एवढंच सांगेन.

त्यानंतर त्यांनी सकाळचा वर्ग सुरू केला, विहारासमोरच्या फरशीवर. शेतावर जाणाऱ्या बायका, एक शिंपी, दोन-तीन पेन्शनर. आलेल्याचा आधी हात धरायचा, दंडाला पट्टा बांधायचा, ब्लडप्रेशर लिहून ठेवायचं, मग उभं करायचं. मीही एकदा गेलो. पट्ट्याचा आकडा बघून त्यांनी मला बाकावर बसवलं आणि बसूनच ठेवलं. मी तक्रार केली तेव्हा माझ्या छातीकडे बघत म्हणाल्या, "बबनराव, तुमी श्वास घेता, पण सोडत न्हाय. माल आत घेतला की बाहेर काढायचा जीवच होत न्हाय तुमचा." बायका हसल्या. मला महिनाभर नुसता श्वास सोडायला शिकवला. भाव करताना मी अजून तो करतो, समोरच्याला वाटतं मी विचार करतोय.

व्हिडिओची निवड तर पुस्तकाहून अवघड गेली. माझ्याकडे जुना व्हीसीआर आला होता, तो मी त्यांना वापरायला दिला आणि पुण्याहून कॅसेटी आणल्या. पहिलीत डोंगर, धबधबा, रेशमी कपड्यातला माणूस आणि मागे बासरी. सिस्टरांची पद्धत अशी की आधी आवाज बंद करून बघायचं. आवाज गोड असला की डोळे आळशी होतात, असं त्यांचं म्हणणं. आवाज बंद केल्यावर त्या कॅसेटीत धबधबा जास्त आणि माणूस कमी उरला.

दुसरी कॅसेट एका दुकानदाराने कॉपी करून दिलेली. पडद्यावर रेघा यायच्या, पण माणूस पायापर्यंत दिसायचा. मला वाटलं जमलं. सिस्टरांनी पदरावरचं घड्याळ हातात धरलं आणि मिनिटभर त्याच्या छातीकडे बघत राहिल्या.

"ह्याला ताप हाय का?"

मी म्हटलं, चिनी लोक तसाच श्वास घेत असतील.

"मिनिटाला अठ्ठावीस. जागचा हलत न्हाय आणि अठ्ठावीस. असल्या माणसाला आमी ऑक्सिजन लावायचो."

मग उलगडा झाला. दुकानदाराने टेप वाचवायला कमी वेगावर कॉपी केली होती आणि आमचं जुनं यंत्र ती दुप्पट वेगाने पळवत होतं. त्या कॅसेटीबरोबर फरशीवरच्या बायकांनी श्वास घेतला असता तर निम्म्या चक्कर येऊन पडल्या असत्या. मी त्या दुकानदाराकडे जाऊन जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसरीत एक म्हातारी बाई होती. साधी खोली, मागे भिंत, बासरी नाही, पाय स्वच्छ दिसतायत. सिस्टरांनी ती तीनदा बघितली आणि एकच खोट काढली. बाई आपल्याकडे तोंड करून उभी, त्यामुळे तिने उजवा हात उचलला की वर्ग डावा उचलायचा. मी म्हटलं, काय फरक पडतो? त्या म्हणाल्या, पक्षाघाताच्या माणसाला पडतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सलूनवाल्याकडून मोठा आरसा मागून आणला, विहाराच्या आत टीव्ही वर्गाच्या मागे ठेवला आणि सगळ्यांना आरशाकडे तोंड करून उभं केलं. आता बाईचा उजवा तो यांचाही उजवा झाला. इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला तीस वर्षं रोगी उचलावे लागतात.

त्या दिवशी माझ्याबरोबर टेम्पोतून वडगाव निंबाळकरचे जगन्नाथ तात्या आले होते. ऊसवाले, घरचं व्यवस्थित, थट्टेखोर माणूस. जुने पाइप मलाच विकायचे. आरसा बघून त्यांनी दारातूनच विचारलं, "सिस्टर, हितं दाढी करत्यात का व्यायाम?"

"दोनी," सिस्टर म्हणाल्या. "आधी कुणाची करू?"

तात्यांना ते फार आवडलं. वडगावात जाऊन त्यांनी ते पन्नास जणांना सांगितलं असेल. पण वर्गाला काही आले नाहीत. बायामाणसांत हात हलवत उभं कसं राहायचं, असं त्यांचं म्हणणं. सिस्टरांनी पट्टा पुढे केला तर हात मागे घेतला, म्हणाले, मला काय धाड भरलीय. सिस्टरांनी आग्रह केला नाही. तात्या मला मात्र वाटेत म्हणाले की बाई लई खरी हाय. हे त्यांचं वाक्य पुढे लागणार आहे.

आता वहीबद्दल. सिस्टरांकडे एक लांब, जाड पुठ्ठ्याची वही होती. एका पानावर एक व्यायाम. माणसाचं चित्र साध्या रेघांचं, पण पाय मोठे आणि नीट काढलेले. खाली निळ्या पेनने, हे कोणत्या पुस्तकातून घेतलं, दोन पुस्तकांत फरक असेल तर आपण कुणाचं धरलं आणि का. शेवटी दोन पानं, घरी शिकणाऱ्याने पुस्तक आणि व्हिडिओ कसा पारखावा यावर. आणि ज्या व्यायामात धोका असेल त्या पानावर लाल चिठ्ठी.

ही चिठ्ठी त्यांच्या वॉर्डातली. ज्या रोग्याला एखादं इंजेक्शन चालत नाही त्याच्या उशाला त्या लाल कागद लावायच्या, म्हणजे घाईत आलेल्या माणसालाही आधी तो दिसेल. वहीत त्यांनी तेच केलं. शाळेत हस्तकलेला असतो तो लाल घोटीव कागद कापायचा, त्यावर काळ्या पेनने लिहायचं आणि डिंकाने चिकटवायचं. अशा एकोणीस चिठ्ठ्या होत्या. त्या म्हणायच्या, निळं सगळं विसरलात तरी चालंल, लाल विसरू नका.

प्रकाशक माझ्याकडे आला तो न खपलेली पुस्तकं रद्दीत घालायला. सिस्टर ढिगापाशी बसल्या होत्या आणि वही स्टुलावर होती. त्याने ती चाळली आणि म्हणाला, याचं पुस्तक होईल. सिस्टर नको म्हणत होत्या. मीच मागे लागलो. त्यांच्या वतीने भाव मी केला आणि जोरात केला. कशासाठी केला तर मुखपृष्ठावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात आलं पाहिजे म्हणून. तो लहान अक्षर म्हणत होता, मी अर्धा तास वाद घालून मोठं करून घेतलं. जिंकल्याचा आनंद अजून आठवतो.

सिस्टरांनी एकच अट घातली. छापायच्या आधी प्रत्येक पान मला दाखवायचं.

त्याने छातीवर हात ठेवला. "सिस्टर, तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक पान छापणार नाही."

वही त्या हातची सोडणार नव्हत्या. म्हणून ठरलं की मी बारामतीत झेरॉक्स काढायची, वही त्याच दिवशी परत द्यायची आणि झेरॉक्स पुण्याला पोचवायची. कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याशी पानामागचा दर ठरवत असताना त्याने एक कागद वर धरला. म्हणाला, शेठ, हे लाल काळं येतंय. मी बघितलं. जिथे चिठ्ठी होती तिथे काळा चौकोन. मी म्हटलं, येऊ दे, बाकीचं दिसतंय ना. एवढ्यावर मी थांबलो नाही. काळी आलेली पानं खराब आली असं म्हणून मी त्यांचे पैसे कापून घेतले.

ते लिहायला मला किती वर्षं लागली हे सांगत नाही.

पानं दाखवायला कुणी आलं नाही. चार महिन्यांनी पुस्तक थेट बारामतीच्या स्टँडवर, पेपरच्या स्टॉलला टांगलेलं दिसलं. नाव मोठ्या अक्षरात. मी दोन प्रती आणि पेढे घेऊन इंदापूर गाठलं. सिस्टरांनी सवयीप्रमाणे पुस्तक शेवटाकडून उघडलं. पारख कशी करावी ती दोन पानं नव्हती, तिथे त्याच्या दुसऱ्या पुस्तकांच्या जाहिराती होत्या. मग त्या एकेक पान मागे येत गेल्या आणि एका चित्राखाली बोट ठेवून थांबल्या.

"हितं काय हाय?"

मी म्हटलं, कमळ. शोभेचं.

त्यांनी वही आणली आणि शेजारी उघडली. जिथे लाल चिठ्ठी, तिथे कमळ. पुढच्या पानावरही. एकोणीस चिठ्ठ्या, एकोणीस कमळं, सगळी सारख्या मापाची, चौकोनात नीट बसवलेली. प्रस्तावना सिस्टरांची नव्हतीच. त्यात गोळ्या-औषधांच्या कटकटीतून सुटका असं काहीतरी लिहिलेलं.

मी ओरडायला लागलो. सिस्टरांनी एकच विचारलं, किती ठिकाणी गेलं असेल हे? पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. त्यांनी त्याच दिवशी एकोणीसही चिठ्ठ्यांचा मजकूर लिहून काढला आणि प्रकाशकाला रजिस्टर पत्र पाठवलं. पोच आली, उत्तर आलं नाही.

महिन्याभरात जगन्नाथ तात्या पडले. उजवी बाजू गेली. त्यांना मधल्या काळात ब्लडप्रेशर निघालं होतं आणि डॉक्टरांनी गोळी लावली होती. आम्ही वडगावला गेलो तेव्हा तात्या ओसरीत कॉटवर होते. तोंड वाकडं झालेलं, बोलणं समजत नव्हतं. सिस्टरांना बघून त्यांनी डाव्या हाताने गालावर दाढी केल्यासारखं केलं. थट्टा करायचा प्रयत्न होता तो. सिस्टरांनी त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून सरळ करत राहिल्या.

तात्यांच्या घरच्या काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फडताळातून पुस्तक आणलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं.

"तुमचं नाव बघून आणलं त्यांनी. सिस्टरचं हाय म्हणल्यावर शंका काढायची न्हाय म्हणाले. रोज सकाळी अंगणात हात वर करून दम धरून उभं ऱ्हायचे. गोळी पण सोडली. गोळीचं पुस्तकात काय लिवलंच न्हाय की."

"लिवलं होतं, काकी."

"कुठं?"

सिस्टरांनी ते पान काढलं आणि कमळावर बोट ठेवलं. "हितं."

त्या चिठ्ठीत काय होतं ते मला पाठ आहे. ब्लडप्रेशर असणाऱ्याने हा व्यायाम करू नये. हात छातीच्या वर नेऊ नयेत, श्वास धरू नये. गोळी चालू ठेवावी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नये.

डॉक्टर नंतर म्हणाले की गोळी सोडल्याने झालं, व्यायामाचं नक्की सांगता येत नाही. सिस्टरांनी तेही जसंच्या तसं ऐकून घेतलं. त्यांना त्यातून सुटका नको होती. पुस्तकावर त्यांचं नाव होतं आणि माणूस त्या नावाकडे बघून उभा राहिला होता, एवढंच त्यांना दिसत होतं.

मी पुण्याला गेलो. प्रकाशकाने मला चहा दिला. म्हणाला, तुमच्या झेरॉक्सवर काळे चौकोन होते, पान ओकंबोकं दिसत होतं, आर्टिस्टने कमळ टाकलं. बाई बौद्ध आहेत, कमळ शोभेल असं वाटलं. पानं दाखवायचं विचारलं तर म्हणाला, वेळ नव्हता. चौकोनाखाली काय आहे हे एका पत्रात विचारता आलं असतं की नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, झेरॉक्स तुम्ही काढलीत, तुम्हाला दिसलं नाही का? मी त्याचा चहाचा कप भिंतीवर फेकला.

इंदापूरला येऊन मी सिस्टरांपुढे त्याला शिव्या घातल्या आणि त्याचं सगळं सांगितलं. ते काळ्या चौकोनांचंही निघालं. सिस्टरांनी माझ्या छातीकडे बघितलं.

"काळं आलेलं तुमी बघितलं होतं?"

भल्याभल्यांच्या तोंडावर मी खोटं बोललो आहे. तिथे जमलं नाही. "व्हय," मी म्हटलं.

त्या आत गेल्या आणि लाल घोटीव कागदाचा गठ्ठा घेऊन आल्या. "मग कात्री घ्या," म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी कापायचो आणि त्या लिहायच्या. एका पुस्तकाला एकोणीस. माझ्याकडे माल आणणारे फेरीवाले गावोगाव फिरतात. त्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं की हे पुस्तक कुठल्या घरात दिसलं तर घर लक्षात ठेवा. कन्हेरीत तीन निघाली, वडगावात अजून दोन, इंदापुरात बरीच. माझं म्हणणं होतं सगळी विकत घेऊन जाळू. सिस्टर नको म्हणाल्या. बाकीचं बरोबर आहे, लोकांना त्याचा उपयोग आहे, जे गाळलंय ते फक्त परत घालायचं. मग त्या घरी जायच्या, पुस्तक मागायच्या, दारात बसून कमळावर चिठ्ठी लावायच्या आणि जाताना घरातल्या सगळ्यांचं ब्लडप्रेशर बघायच्या. कुणी विचारलं की हे काय, तर म्हणायच्या, माझ्या पुस्तकात चूक राहिलीय. माझ्या, असं म्हणायच्या. मी शेजारी असलो तरी.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते मोरगावात. टेम्पो घेऊन जेजुरीकडे निघालो होतो. स्टँडजवळच्या दुकानाच्या पायरीवर पांढरी साडी दिसली. पायाशी पिशवी, हातात डिंकाची बाटली, मांडीवर उघडं पुस्तक. पुस्तकाचा मालक, एक शेळ्या राखणारा म्हातारा, समोर उकिडवा बसला होता. त्याच्या एका शेळीने पिशवीतून लाल कागद ओढून चावायला घेतला होता आणि म्हातारा तिला शिव्या देत होता. मी हॉर्न वाजवला, म्हटलं सोडतो तुम्हाला. सिस्टरांनी मान वर केली नाही. हात नुसता वर केला, थांबा अशा अर्थाने, आणि पदरावरचं घड्याळ बघत राहिल्या. डिंक वाळायला दोन मिनिटं लागतात, तोवर पुस्तक मिटू द्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मागून एस.टी. हॉर्न मारायला लागली तेव्हा मला टेम्पो काढावा लागला.

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या भाचीने वही आणि त्या रजिस्टर पत्राची पोचपावती माझ्याकडे दिली. तात्या काठी घेऊन चालतात आणि ओसरीवर आरसा ठेवून हाताचा व्यायाम करतात, सिस्टरांनी शिकवलेला.

हे आज लिहायचं कारण असं. गेल्या आठवड्यात पुण्याहून आलेल्या पोत्यात तेच पुस्तक निघालं. जुनं नाही, नवी आवृत्ती, कोऱ्या वासाची. सिस्टरांचं नाव आधीपेक्षा मोठं. मी ते शेवटाकडून उघडलं. एकोणीस कमळं जागच्या जागी आहेत, आता रंगीत.

काळे चौकोन बघून गप्प बसलो तो मी, आणि त्याचे पैसे कापून घेतले तेही मीच. माझा जाब मी इथे दिला. आता प्रकाशकसाहेब, तुम्ही द्या. पहिल्या वेळी तुम्हाला माहीत नव्हतं असं मी घटकाभर धरून चालतो. पण सिस्टरांचं रजिस्टर पत्र तुम्हाला पोचलं होतं, त्यात एकोणीसही चिठ्ठ्यांचा मजकूर होता, आणि त्याच्या पोचपावतीवरची सही माझ्याजवळ आहे. ते पत्र हातात असताना ती कमळं पुन्हा छापा असं कोणी सांगितलं, त्या माणसाचं नाव मला हवं आहे. बारामतीत येऊन सांगा. वही दुकानातच आहे, तिच्यातल्या चिठ्ठ्या अजून लाल आहेत.